मुंबईचे क्रिकेट आणि विद्यार्थ्याचे तिकीट



कॉलेजात प्रवेश घेतल्यावर फीची जी पावती हातात पडते, ती बहुतेक घरांत कपाटाच्या कप्प्यात जाते आणि पुन्हा कोणी वाचत नाही. ती एकदा काढून पाहा. शिक्षण शुल्क, ग्रंथालय, प्रयोगशाळा, परीक्षा या रकान्यांच्या खाली कुठेतरी 'जिमखाना' अशी एक ओळ सापडेल. रक्कम फार नसते, म्हणून तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. पण मैदानात उतरणारा आणि कधीच न उतरणारा, असे दोघेही ती भरतात. म्हणजे आपल्या कॉलेजच्या खेळाचे तिकीट आपण प्रवेशाच्या दिवशीच काढलेले असते. फक्त ते तिकीट आहे हे आपल्याला कोणी सांगितलेले नसते.

या ओळीचा विचार करता करताच प्रस्तुत लेख सुचला. खेळ पाहायला किती पैसे पडतात आणि ते कोणाला परवडतात, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. परंतु आपल्या मुंबईच्या इतिहासात या प्रश्नावरून एका संघाने स्पर्धेतून माघार घेतली आहे, आणि एक आख्खे स्टेडियम उभे राहिले आहे. इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात हे प्रकरण नाही. म्हणून मुद्दाम या स्मरणिकेत मांडतो.

आधी थोडे परदेशात डोकावू, कारण कॉलेजच्या खेळाला तिकीट लावण्याची प्रथा खऱ्या अर्थाने फोफावली ती अमेरिकेत. १८७५ साली हार्वर्ड आणि येल या दोन विद्यापीठांत त्यांच्या पद्धतीच्या फुटबॉलचा पहिला सामना झाला. त्याला सुमारे दोन हजार लोक जमले आणि दर माणशी ५० सेंट प्रवेशमूल्य होते. पुढे हा धंदा इतका वाढला की मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये आज एक लाखाहून अधिक लोक बसतात. तिथे विद्यार्थ्यांसाठी वेगळा भाग असतो आणि त्यांचा दर बाहेरच्या प्रेक्षकापेक्षा कमी असतो. तरीसुद्धा गेल्या दशकात तेथील विद्यार्थ्यांनी दराबद्दल आणि जागा देण्याच्या नव्या पद्धतीबद्दल तक्रार केली. तक्रार ऐकली जाईना तेव्हा पुष्कळांनी तिकिटे घेणेच सोडले. अखेर विद्यापीठ नमले. २०१५ च्या हंगामासाठी विद्यार्थ्यांचा दर एकतृतीयांशाहून अधिक उतरवून १७५ डॉलर करावा लागला. रिकाम्या बाकांची भाषा कोणत्याही हिशेबनिसाला कळते.

आपल्याकडे असे काही घडले नाही, कारण आपल्या कॉलेजांच्या खेळाला फाटकच नव्हते. मुंबईचे क्रिकेट वाढले ते मोकळ्या मैदानांवर. आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल, शिवाजी पार्क, माटुंग्याची मैदाने. शाळांची हॅरिस शील्ड स्पर्धा १८९० च्या दशकात सुरू झाली, गाइल्स शील्ड त्यानंतर थोड्याच वर्षांनी. पावसाळ्यातील कांगा लीग १९४८ पासून. विद्यापीठांसाठी रोहिंटन बारिया करंडक १९३५-३६ च्या हंगामापासून खेळला जाऊ लागला. मैदानात होणारा सामना पाहायचा तर वाटेने जाणाऱ्याने थांबायचे, एवढेच. एकाच मैदानात पाच-सहा सामने चाललेले, एकाचा क्षेत्ररक्षक दुसऱ्याच्या पंचाला पाठ लावून उभा. ऑफिसला निघालेला कारकून दोन षटके पाहून जाई आणि शाळा सुटलेली पोरे दिवस मावळेपर्यंत हलत नसत. खेळ शिकवणारे पहिले गुरू म्हणजे ही सीमारेषाच होती असे मला वाटते.

आणि याच फुकटच्या क्रिकेटातून कोण निघाले पाहा. अजित वाडेकर एल्फिन्स्टन कॉलेजात विज्ञानाचे विद्यार्थी होते, इंजिनिअर होण्याचा विचार होता. बसमध्ये भेटलेल्या बाळू गुप्ते यांनी त्यांना कॉलेजच्या संघात बारावा गडी म्हणून ये म्हटले, दिवसाचे तीन रुपये मिळतील असे सांगितले, अशी हकीगत वाडेकरांबाबत नेहमी सांगितली जाते. तीन रुपये! इथे विद्यार्थ्याने तिकीट काढण्याऐवजी विद्यार्थ्यालाच पैसे देऊन मैदानात नेले गेले. पुढे १९५८-५९ मध्ये याच वाडेकरांनी विद्यापीठांच्या स्पर्धेत ३२४ धावा केल्या. त्यांचा विक्रम मोडला तो सेंट झेवियर्सच्या सुनील गावसकरांनी, १९७० मध्ये ३२७ धावा करून. आणि १९७१ मध्ये वाडेकर कर्णधार आणि गावसकर सलामीचा फलंदाज अशा संघाने वेस्ट इंडीज आणि इंग्लंड या दोन्ही देशांत जाऊन मालिका जिंकल्या. १९८८ च्या फेब्रुवारीत शारदाश्रमच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी या दोन शाळकरी पोरांनी हॅरिस शील्डच्या उपान्त्य सामन्यात ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली, तीही आझाद मैदानावर. जगात गाजलेला तो खेळ पाहायला कोणाला एक पैसा पडला नसता.

आपल्या अंजुमन-ए-इस्लामच्या शाळेचा वसीम जाफर हा बेस्टच्या बसचालकाचा मुलगा. पंधराव्या वर्षी शालेय सामन्यात त्याने नाबाद ४०० धावा केल्या. तो पुढे कसोटी खेळला, वेस्ट इंडीजमध्ये आणि पाकिस्तानविरुद्ध द्विशतके केली, रणजी स्पर्धेत सर्वांत जास्त धावा त्याच्या नावावर जमा झाल्या. गुलाम परकार कोकणातले. १९८२ साली लॉर्ड्सवर भारताकडून कसोटी खेळले. ही नावे मी अभिमानासाठी सांगत नाही असे म्हणणार नाही, अभिमान आहेच. पण मुद्दा असा की ज्या घरांतून ही मुले आली त्या घरांना खेळ विकत घेऊन पाहणे किंवा शिकणे सोपे नव्हते.

आता फाटकाकडे वळू.

मुंबईत युरोपियन आणि पारशी यांचे वार्षिक सामने १८९२ पासून होऊ लागले. १९०७ मध्ये हिंदू संघ आला, १९१२ मध्ये मुस्लिम संघ. हाच तो प्रसिद्ध चौरंगी सामना. तो दीर्घकाळ बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर होत असे. हा जिमखाना गोऱ्या लोकांचा. हिंदी माणसाला तेथे सभासद होता येत नसे. मैदानाभोवती शामियाने आणि तात्पुरते बाकांचे मांडव उभारायचे, त्यातल्या जागा विकायच्या, आणि ज्याला परवडत नाही त्याने झाडावर किंवा आसपासच्या गच्चीवर चढायचे. १९२६ च्या डिसेंबरात सी. के. नायडूंनी इंग्लंडहून आलेल्या एम.सी.सी.च्या संघाविरुद्ध ११ षटकारांसह १५३ धावा केल्या, तो याच मैदानावर. हिंदुस्थानच्या भूमीवरील पहिला कसोटी सामना १९३३ च्या डिसेंबरात येथेच झाला आणि लाला अमरनाथांनी ११८ धावा काढल्या. झाडावरच्या प्रेक्षकांत विद्यार्थी किती होते याची नोंद कोण ठेवणार? पण झाडावर चढण्याचे वय कोणते असते हे पालकांना ठाऊक आहे.

तेव्हा गर्दीला पुरेल असे पक्के स्टेडियम हवे असा विचार पुढे आला. क्रिकेट क्लब ऑफ इंडियाची स्थापना १९३३ मध्ये झाली. समुद्रात भर घालून मिळवलेल्या जमिनीवर गव्हर्नर लॉर्ड ब्रेबर्न यांच्या नावाचे स्टेडियम बांधले गेले आणि १९३७ च्या डिसेंबरात ते खुले झाले. मित्रहो, त्याच वर्षी काय झाले ते नीट लक्षात घ्या. चौरंगीत 'इतर' म्हणून पाचवा संघ आला आणि सामना पंचरंगी होणार होता. पण हिंदू जिमखान्याने माघार घेतली. कारण धर्माचे नव्हते, राजकारणाचेही नव्हते. कारण होते खुर्च्यांचे. स्टेडियमच्या मालक क्लबने निरनिराळ्या जिमखान्यांना जागा वाटून दिल्या होत्या. आपल्या सभासदांची संख्या पाहता आपल्या वाट्याला आलेल्या जागा फारच कमी आहेत असे हिंदू जिमखान्याचे म्हणणे होते. क्लबने ते मानले नाही. त्यामुळे पहिली पंचरंगी स्पर्धा चारच संघांत झाली.

त्या वर्षी विजेतेपद मुस्लिम संघाने मिळवले. आपल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून या विजयाचा उल्लेख मी ऐकला आहे. इतिहासाच्या शिक्षकाने मात्र पुढचे वाक्यही सांगितले पाहिजे, की त्या साली हिंदूंचा बलाढ्य संघ मैदानात नव्हता. खरी लढत पाहायची तर १९४४ चा अंतिम सामना घ्यावा. हिंदूंविरुद्ध शेवटच्या डावात सलामीला आलेले के. सी. इब्राहिम शेवटपर्यंत नाबाद राहिले आणि मुस्लिम संघ केवळ एका गड्याने जिंकला. त्या दिवशी टाळ्या कोणी कोणासाठी वाजवल्या हे वेगळे काढता येऊ नये इतका तो सामना रंगला होता.

तोवर स्पर्धेवर दुसरे सावट आले होते. धर्मावरून संघ पाडणे योग्य नाही, असे मत गांधीजींनी १९४० च्या डिसेंबरात स्पष्टपणे दिले. स्पर्धेविरुद्ध चळवळ झाली आणि तीत विद्यार्थ्यांनी निदर्शनेही केली. १९४६ नंतर ही स्पर्धा बंद पडली आणि ते बरेच झाले असे माझे मत आहे. पण आपल्या विषयापुरते एवढे पाहा. १९३७ मध्ये खुर्च्यांची वाटणी झाली तेव्हा ती जिमखान्यांच्या सभासदांमध्ये झाली. त्या वादात विद्यार्थ्याचा वाटा किती, हा मुद्दाच नव्हता. विद्यार्थी फाटकाशी दिसला तो आत जाऊ नका म्हणून सांगणारा, तिकीट मागणारा नव्हे.

बरोबर याच दुखण्याची दुसरी आवृत्ती सुमारे पस्तीस वर्षांनी निघाली. ब्रेबर्न स्टेडियमची मालकी क्लबची. शहराच्या क्रिकेटचा कारभार बॉम्बे क्रिकेट असोसिएशनकडे. कसोटी सामना आला की असोसिएशनने आपल्या संलग्न क्लबांसाठी जागा मागायच्या आणि मालकाने त्या मोजून द्यायच्या. दरवेळी खडाजंगी. १९७३ च्या आरंभी इंग्लंडविरुद्धचा कसोटी सामना झाला, त्यानंतर हा वाद विकोपाला गेला. क्लबच्या बाजूने विजय मर्चंट यांच्यासारखा थोर खेळाडू होता, तर असोसिएशनच्या बाजूने शेषराव वानखेडे. वानखेडे त्या वेळी महाराष्ट्र विधानसभेचे अध्यक्ष होते. त्यांनी ठरवले की आपले स्वतःचे स्टेडियम बांधायचे. आणि बांधले! चर्चगेट स्टेशनच्या अगदी शेजारी, ब्रेबर्नपासून हाकेच्या अंतरावर, शशी प्रभू यांच्या आराखड्यानुसार, सुमारे तेरा महिन्यांत. एकाच शहरात, पायी दहा मिनिटांच्या आत दोन मोठी क्रिकेटची स्टेडियमे. परगावच्या पाहुण्यांना याचे कारण विचारले तर ते सांगू शकणार नाहीत. कारण एकच, तिकिटांची वाटणी.

१९७५ च्या जानेवारीत नव्या स्टेडियमवर पहिली कसोटी झाली. वेस्ट इंडीजचे कर्णधार क्लाइव्ह लॉइड यांनी नाबाद २४२ धावा केल्या. त्यांचे अभिनंदन करायला एक तरुण प्रेक्षक धावत मैदानात गेला. पोलिसांनी त्याला बदडले. ते पाहून स्टँडमधले लोक भडकले, दंगल झाली, खेळ थांबला. तरुणाने आत उतरायला नको होते हे खरेच. पण वानखेडे स्टेडियमची पहिली आठवण ही अशी आहे, आणि ती पुसता येत नाही.

त्या काळात कसोटीची बहुतेक तिकिटे सगळ्या दिवसांची मिळून एकच असत. विद्यार्थ्याला एका दिवसाचे तिकीट घ्यायचे म्हटले तर सोय नव्हती. मग घरोघरी युक्ती निघाली. चुलत, मावस, मामेभाऊ मिळून वर्गणी काढत आणि एक तिकीट घेत. पहिल्या दिवशी थोरला, दुसऱ्या दिवशी मधला, असे पाळीने जात. संध्याकाळी परतलेला भाऊ बाकीच्यांना षटकागणिक हकीगत सांगे. भारत सर्वबाद होऊन सामना चौथ्या दिवशीच आटोपला की पाचव्या दिवसाच्या धाकट्याने घरी रडून गोंधळ घालायचा. ही गंमत मी अनेक काका-मामांकडून ऐकली आहे, आणि प्रत्येकाच्या कथेत बुडालेला दिवस त्यांचाच असतो.

वाचकहो, असोसिएशनचे स्वतःचे स्टेडियम झाले म्हणून सामान्य माणसाचा प्रश्न सुटला काय? २०११ च्या २ एप्रिलला विश्वचषकाचा अंतिम सामना वानखेडेवर झाला. नूतनीकरणानंतर स्टेडियममध्ये सुमारे ३३ हजार जागा होत्या. त्यांपैकी सर्वसामान्य जनतेला विकण्यासाठी ठेवलेली तिकिटे सुमारे चार हजार. बाकीची संलग्न क्लब, आंतरराष्ट्रीय मंडळ, जाहिरातदार अशा मार्गांनी गेली. नोव्हेंबर २०१३ मध्ये सचिन तेंडुलकरांचा दोनशेवा आणि अखेरचा कसोटी सामना याच ठिकाणी झाला, तेव्हाही सामान्यांसाठी अशीच मूठभर तिकिटे आली. १९३७ चा प्रश्न नाव बदलून तिथेच बसलेला आहे. प्रश्न तिकिटाच्या किमतीचा आहे असे आपण समजतो. किमतीच्याही आधी प्रश्न असतो तो यादीचा. जो कोणत्याही जिमखान्याचा, क्लबचा, कंपनीचा सभासद नाही, त्याचे नाव कोणत्याच यादीत येत नाही. विद्यार्थी हा बहुधा असाच माणूस असतो.

मी उपनगरातल्या एका शाळेत इतिहास शिकवतो. नववीच्या वर्गात एकदा विचारले, वानखेडे स्टेडियम आतून कोणी पाहिले आहे? साठ मुलांत तीन हात वर आले. बाहेरून कोणी पाहिले आहे, असे विचारल्यावरही अर्धा वर्ग गप्प होता. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर इथली मुले त्याच महानगरपालिकेच्या हद्दीत राहतात. पण बोरिवलीहून चर्चगेट म्हणजे तास-सव्वा तासाचा प्रवास. मुलुंडकराने तर आधी दादर किंवा छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस गाठायचे.

या ठिकाणी रेल्वेच्या पासाची गोष्ट सांगितली पाहिजे. ती बऱ्याच पालकांना अर्धवटच माहीत असते. बारावीपर्यंतच्या मुलांना आणि पदवीपर्यंतच्या मुलींना घर ते शाळा-कॉलेज या मार्गाचा दुसऱ्या वर्गाचा मासिक पास रेल्वे मोफत देते. मदरशात शिकणाऱ्या मुलांनाही तो लागू आहे. इतर विद्यार्थ्यांना पासावर सवलत मिळते. योजना फार चांगली आहे, पात्र असूनही अर्ज न करणारी कुटुंबे पाहिली की वाईट वाटते. परंतु हा पास फक्त घर आणि शाळा यांच्यामधला. घाटकोपरला राहून घाटकोपरलाच शिकणाऱ्या मुलाला त्याचा काहीच उपयोग नाही, आणि चर्चगेटचा सामना पाहायचा तर त्याला पूर्ण भाडे. विद्यार्थी म्हणून सवलत आहे ती वर्गापर्यंत, मैदानापर्यंत नाही. खरे सांगायचे तर उपनगरातल्या मुलाचे तिकीट स्टेडियमच्या खिडकीवर नव्हे, स्टेशनच्या खिडकीवर सुरू होते.

सगळेच चित्र निराशेचे आहे असे मात्र नाही. २०१० पासून मुंबई इंडियन्सच्या व्यवस्थापनाने आयपीएलमधील एक सामना स्वयंसेवी संस्थांमार्फत येणाऱ्या मुलांसाठी ठेवण्याची प्रथा पाडली आहे. अलीकडे सुमारे अठरा ते वीस हजार मुले त्या दिवशी वानखेडेवर येतात. बसने नेणे, आणणे, खाणे, टोपी, सगळे मिळते. एका मोठ्या उद्योगसमूहाची ही जाहिरातही आहे हे उघड आहे. असू दे. ज्या मुलाने तो हिरवा गालिचा दिव्यांच्या उजेडात पहिल्यांदा पाहिला, त्याला जाहिरातीशी काय करायचे? फक्त एवढेच की तो पाहुणा म्हणून येतो, वर्षातून एकदा, कोणीतरी नेले तर. आपल्या खिशातल्या पैशांनी, आपल्या मित्राबरोबर, आपल्या मनाने जाणे ही वेगळी गोष्ट आहे.

याहून बोलका प्रयोग नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाला. २०२२ च्या डिसेंबरात भारत आणि ऑस्ट्रेलिया या महिला संघांचे टी-ट्वेंटी सामने तेथे होते आणि प्रवेश विनामूल्य ठेवला होता. महिलांचे क्रिकेट पाहायला कोण येणार, असे म्हणणारे लोक तेव्हाही होते. ११ डिसेंबरला चाळीस हजारांहून अधिक प्रेक्षक आले. सामना बरोबरीत सुटला आणि भारताने सुपर ओव्हरमध्ये जिंकला. २०२३ च्या मार्चमध्ये महिलांची प्रीमियर लीग मुंबईत आणि नेरूळला सुरू झाली, तेव्हा मुलींना आणि स्त्रियांना प्रवेश मोफत होता. २०२५ च्या महिला विश्वचषकात साखळी सामन्यांचे तिकीट १०० रुपयांपासून होते. त्या स्पर्धेत ३० ऑक्टोबरला नेरूळलाच उपान्त्य सामन्यात जेमिमा रॉड्रिग्जने ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ धावा केल्या. तिचे बालपण भांडुपचे, म्हणजे आपल्या मुलुंड आणि घाटकोपरच्या मधले. २ नोव्हेंबरला भारताने दक्षिण आफ्रिकेला हरवून चषक जिंकला. पहिली रांग भरण्यासाठी आयोजकांना दर उतरवावा लागला, आणि दर उतरला तेव्हा रांगेत मुली दिसल्या. आपल्या समाजातील ज्या मातापित्यांना 'मुलगी स्टेडियमवर कशाला' असे वाटते, त्यांनी त्या सामन्यांना आलेल्या मायलेकींच्या जोड्या पाहायला हव्या होत्या.

आता पुन्हा त्या जिमखान्याच्या ओळीकडे येतो. ती रक्कम भरलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला विचारण्याचा हक्क आहे की आपल्या कॉलेजचा संघ कोठे खेळतो, कधी खेळतो, आणि सामन्याची तारीख सूचनाफलकावर का लागत नाही. अनुभव असा की आंतरमहाविद्यालयीन सामना पाहायला अनेकदा दोन्ही संघांचे राखीव खेळाडू आणि एखादा प्राध्यापक, एवढेच प्रेक्षक असतात. तिथे फाटक नाही, तिकीट नाही, यादी नाही, आणि तरीही कोणी नाही. याचा दोष किमतीला देता येणार नाही.

हॅरिस आणि गाइल्स शील्डचे सामने साधारणपणे हिवाळ्याच्या महिन्यांत होतात. पश्चिम रेल्वेवरून येणाऱ्यांनी चर्चगेटला उतरावे, क्रॉस मैदान समोरच आहे आणि आझाद मैदान तेथून चालत पाच-सात मिनिटांवर. मध्य रेल्वेवाल्यांना छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून आझाद मैदान रस्त्यापलीकडेच. खेळ सकाळी सुरू होतो. पाण्याची बाटली आणि डोक्याला टोपी बरोबर ठेवावी, कारण सावली फक्त तंबूत असते आणि तंबू संघांचा असतो.